आधी स्लाइड, मग स्टिरॉइड

तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, बल्बवर नाव घालायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट छापून डॉक्टरांच्या सहीला ठेवायचा, हे माझं काम. आमच्याकडे बीड जिल्ह्यात पावसाळ्यात मशीनला उसंत नसते. ताप आला की सीबीसी, आणि सीबीसीत प्लेटलेट उतरलेल्या दिसल्या की बाहेर बाकावर बसलेल्यांत कुजबुज सुरू होते, "पेशी कमी झाल्यात, डेंग्यूच असणार." बहुतेकांना डेंग्यूच असतो. एखाद्या लेकराला नसतो. माझ्या भाचीला नव्हता.

तिला रक्ताचा कर्करोग होता. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यातला एएलएल. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळणारा हाच. तिचे उपचार पूर्ण झाले आणि ती आता शाळेत जाते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्या आईबापांचा जीव टांगणीला लागायला नको. मला लिहायचंय ते आजाराचं नाव कळेपर्यंत काय झालं याबद्दल. त्या काळात गेलेला बराचसा पैसा आणि वेळ वाचवता आला असता. त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या काहीशे रुपयांच्या, गावात मिळणाऱ्या आहेत. फक्त त्या योग्य क्रमाने व्हायला हव्यात.

ताई आणि दाजी चाकणला राहतात. दाजी तिथे कंपनीत कंत्राटी कामाला. आषाढात पोरीचे पाय दुखायला लागले. दिवसा लंगडायची, रात्री रडत उठायची. वाढत्या वयाचं दुखणं म्हणून मालिश झाली. मग कणकण, अंगावर फिकटपणा. एका दवाखान्यात सीबीसी केली, प्लेटलेट निम्म्याहून कमी. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी साथीचे दिवस म्हणून उपचार तोच. पुढे गुडघा सुजला. दुसऱ्या ठिकाणी बालसंधिवात सांगितला आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

पोरगी दोन-चार दिवसांत खडखडीत. ताप गेला, पाय दुखायचे राहिले, भूक इतकी की ताई कौतुकाने सांगत होती, "मागून मागून खाती." पंचमीला ताई माहेरी आली तेव्हा लेकरू गालांनी भरलेलं होतं. आजी तर दृष्ट काढत होती. गोळ्या कमी करत बंद झाल्या आणि माहेरपणातच ताप परतला. नडगीवर न लागता निळे डाग दिसू लागले.

मी घरीच रक्त काढलं आणि लॅबला नेलं. मशीनने हिमोग्लोबिन कमी दाखवलं, प्लेटलेट कमी दाखवल्या, पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र बरोबर मर्यादेत. इथेच पुष्कळांची फसगत होते. कर्करोग म्हटलं की पांढऱ्या पेशी लाखांत जाणार, असा समज आहे. ल्युकेमियात त्या खूप वाढलेल्या असू शकतात, नेहमीइतक्या असू शकतात आणि कमीसुद्धा असू शकतात. शिवाय छोटं मशीन पेशी मोजतं आणि आकारावरून गट पाडतं. ल्युकेमियातल्या अपक्व पेशीला ते खुशाल लिम्फोसाइट म्हणून मोजून टाकतं. ती पेशी ओळखायला काचेवर रक्ताचा पातळ थर ओढावा लागतो, तो वाळवून लेशमनने रंगवावा लागतो आणि जाणत्या माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पेरिफेरल स्मिअर म्हणतात ती हीच. काच, रंग आणि दहा-पंधरा मिनिटांची नजर, एवढाच तिचा खर्च. लहान मुलांच्या कर्करोगाचा संशय घ्यायला इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी तपासणी माझ्या माहितीत नाही. आणि नेमकी तीच आधीच्या दोन्ही ठिकाणी झालेली नव्हती.

आमच्याकडे येणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड लावली, बराच वेळ बघितली आणि मान वर करून पहिला प्रश्न विचारला, "हिला स्टिरॉइड दिलंय का?"

त्या प्रश्नाचं मोल मला पुढे मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात समजलं. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड हे एएलएलच्या उपचारातलंही मुख्य औषध आहे. म्हणून निदानाआधी ते पोटात गेलं की रोगट पेशी काही काळ मरतात, रक्तातून आणि कधी कधी हाडांच्या मगजातूनही दिसेनाशा होतात. मूल बरं दिसतं. रोग मात्र गेलेला नसतो, एकट्या स्टिरॉइडने तो जातही नाही. नंतर तपासणी केली तर चित्र पुसट येतं. रोग जास्त असेल तर पेशी एकदम मरून युरिक ॲसिड आणि पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. उपचार सुरू करताना डॉक्टर मुलाचा जोखीमगट ठरवतात. त्यात वय, उपचाराआधीचा पांढऱ्या पेशींचा आकडा, गुणसूत्रांतले बदल आणि पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइडला रोग कसा प्रतिसाद देतो, हे सगळं धरतात. ज्या मुलाला आधीच आठवडे स्टिरॉइड मिळालंय त्याचा तो प्रतिसाद मोजायचा कसा? अनेकदा अशा मुलाला सावधगिरी म्हणून वरच्या गटात धरावं लागतं. म्हणजे अधिक कडक औषधं, अधिक त्रास.

स्टिरॉइडशी माझं वैर नाही. दम्याच्या, मूत्रपिंडाच्या, खऱ्या संधिवाताच्या मुलांना ते लागतंच. चालू असलेलं स्टिरॉइड कोणी मनाने एकदम बंदही करू नये, तेही धोक्याचं. माझं मागणं एवढंच, की ज्या मुलाला कारण न कळता ताप आहे, हाडं किंवा सांधे दुखतायत, किंवा प्लेटलेट कमी आहेत, त्याला पहिली गोळी देण्याआधी सीबीसी आणि माणसाच्या नजरेखालून गेलेली स्मिअर व्हावी. एक खूण तर कोणत्याही आईबापाला रिपोर्टवर वाचता येते. संधिवाताची सूज अंगात असते तेव्हा प्लेटलेट सहसा नेहमीइतक्या किंवा वाढलेल्या असतात. सांधे दुखतायत, ताप आहे आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, तर संधिवातावर शिक्का मारण्याआधी मगजाची तपासणी करायची का, हे विचारलंच पाहिजे. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वरून सूज फारशी नसताना दुखणं फार असेल, तर आणखी जोर लावून विचारावं.

मॅडमनी रिपोर्टवर 'अपक्व पेशींचा संशय, मगजाची तपासणी आवश्यक' असं लिहून दिलं आणि सरळ मोठ्या केंद्राकडे जायला सांगितलं. पण घरात एकदा 'कॅन्सर' शब्द आला की दहा तोंडं बोलायला लागतात. कोणाच्या ओळखीचं शहरात मोठं खाजगी हॉस्पिटल होतं. दाजी पोरीला घेऊन तिकडे गेले. तिथे शनिवारी संध्याकाळी कमरेच्या हाडातून मगज काढला. नमुना बाहेरगावच्या लॅबला जायचा होता, रविवारी कुरियर बंद. पोहोचला तेव्हा एका बल्बमध्ये गाठ झालेली आणि दुसऱ्यातल्या पेशी मेलेल्या. काही हजार रुपये भरून हातात आलं 'नमुना अपुरा'. तोवर 'फुल बॉडी स्कॅन'ही सुचवलं गेलं होतं, पेट स्कॅन, पाच आकडी खर्चाचं. दाजी रानातले काही गुंठे काढायच्या गोष्टी करत होते. मी मॅडमना फोन लावून दिला. त्यांनी दाजींना समजावलं, "अहो, रक्ताचा आजार अंगभर असतोच. तो कुठे आहे हे शोधायला स्कॅन नको, तो कोणता आहे हे ओळखायला मगज नीट काढून नीट पाठवायला हवा." स्कॅन थांबलं. गाठींच्या काही आजारांत, उदाहरणार्थ हॉजकिन लिम्फोमात, पेट स्कॅनचा खरोखर उपयोग असतो. एएलएलच्या निदानाला सहसा तो नसतो.

धंद्यातला माणूस म्हणून नमुन्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच गरिबाचा पैसा सर्वांत जास्त बुडतो. मगज सुईने ओढताना पहिल्या ओढीचा भाग सर्वांत कसदार असतो. पुढे ओढत जाल तसं त्यात नुसतं रक्त मिसळत जातं. म्हणून पहिल्या थेंबांच्या स्लाइडा तिथल्या तिथे, बिछान्याशेजारी ओढायच्या. त्यातल्या काही न रंगवता ठेवून द्यायच्या, मोठ्या केंद्राला लागतात. त्यानंतर पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीसाठी जांभळ्या झाकणाचा ईडीटीए बल्ब आणि गुणसूत्रांसाठी हिरव्या झाकणाचा हेपरिन बल्ब. भरल्याबरोबर दोन्ही हलक्या हाताने उलटसुलट करायचे, नाहीतर गाठ होते आणि सगळं मुसळ केरात. गुणसूत्रांच्या तपासणीत पेशी लॅबमध्ये वाढवाव्या लागतात, म्हणजे त्या जिवंतच पोहोचायला हव्यात. फ्लोलाही नमुना एक-दोन दिवसांत पोहोचलेला बरा. बर्फात गोठवायचा नाही, एसटीच्या डिकीत उन्हात तापू द्यायचा नाही. आईबापांना यातलं काही करायचं नसतं, पण दोन प्रश्न विचारता येतात. नमुना कोणत्या लॅबला आणि किती वाजता निघणार? ती लॅब उद्या उघडी आहे का? शुक्रवार-शनिवारी, सणाच्या आदल्या दिवशी तपासणी ठरत असेल आणि मूल स्थिर असेल, तर सोमवारचं विचारा. मूल स्थिर नसेल तर मात्र दिवस बघू नका, तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

आणखी एक काटकसर बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रक्तातच रोगट पेशी भरपूर दिसत असतील, तर फ्लो सायटोमेट्री हातातल्या रक्तावरसुद्धा करता येते. गंभीर अवस्थेतल्या मुलाला त्यासाठी मगजाच्या सुईची वाट बघावी लागत नाही. पेशी बी गटातल्या, टी गटातल्या की मायलॉइड, हे ओळखायला मोजक्या मार्करांचा संच बहुतेक वेळा पुरतो. पन्नास नावांच्या पॅकेजची पावती फाडण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना यातलं नेमकं काय लागणार ते विचारा. जिथे उपचार होणार तिथेच या तपासण्या झाल्या तर सगळ्यात उत्तम, कारण बाहेरचे रिपोर्ट आणले तरी मोठं केंद्र पुष्कळदा ते पुन्हा करतं.

आमचंही तसंच झालं. परळच्या टाटा मेमोरियलला गेलो, जनरल वर्गात नाव घातलं आणि मगज पुन्हा काढला गेला. मोठ्या सुईची तीच वेदना लेकराला परत सोसावी लागली, त्याचं ताईला पैशापेक्षा जास्त लागलं. तिथे एका गोष्टीने मात्र आम्हाला तारलं. चाकणची पहिली सीबीसी, स्टिरॉइडच्या आधीची, ताईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. डॉक्टरांनी सगळे जाडजूड रिपोर्ट बाजूला ठेवून तोच कागद मागितला. पांढऱ्या पेशी 50,000 च्या वर होत्या की खाली, यावर जोखीमगटाचा मोठा भाग अवलंबून असतो आणि उपचाराआधीचा तो आकडा दुसरीकडे कुठेच नव्हता. म्हणून सांगतो, मुलाचा सर्वांत जुना रिपोर्ट सर्वांत जपून ठेवा. स्टिरॉइड कोणतं, किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे गोळ्यांच्या पाकिटासकट दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

तिथे बाकावर बसलेलं असताना आजूबाजूच्या कहाण्या कानावर येत. बिहार, बंगाल, विदर्भ, खानदेश, भाषा वेगळ्या आणि वाट बरीचशी एकच. मानेला गाठ, तपासणी न करता क्षयाची औषधं, महिने गेले, गाठ वाढतेय. आपल्याकडे क्षय खूप, त्यामुळे डॉक्टरांना आधी तोच आठवणं साहजिक आहे. पण आठवणं वेगळं आणि तपासल्याशिवाय सहा महिन्यांची औषधं लावणं वेगळं. सुईने गाठीतून पेशी काढून बघायची एफएनएसी स्वस्त आहे, क्षयासाठीची सीबीनॅट सरकारी दवाखान्यात मोफत होते. सुईत काही ठरत नसेल तर गाठ काढून बायोप्सी. लिम्फोमाच्या संशयात शक्यतो पूर्ण गाठच काढतात. त्या वेळी एक बारीक गोष्ट घडते, जिच्यापायी महिना वाया जातो. पॅथॉलॉजीला जाणारा तुकडा फॉर्मालिनमध्ये हवा, भरपूर फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट. क्षयाच्या कल्चरला जाणारा तुकडा मात्र सलाइनमध्ये, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. सगळाच तुकडा सलाइनच्या डबीत घालून नातेवाइकाच्या हाती दिला आणि तो दोन दिवसांनी लॅबला पोहोचला, तर सडलेल्या मांसावर कोणी निदान करू शकत नाही. आणि ज्या मुलाच्या छातीत गाठ असू शकते त्याला भूल देण्याआधी छातीचा साधा एक्स-रे झालाच पाहिजे. श्वासनळीवर दाब असताना भूल जिवावर बेतते. कमी पैशांच्या तपासणीने जीव वाचतो तो असा.

बायोप्सी झाली की मेणाचा ब्लॉक आणि स्लाइडा मागून घ्या. पुढच्या खास तपासण्या त्याच ब्लॉकमधून होतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. नुसता रिपोर्ट घेऊन मुंबई गाठणाऱ्यांना ब्लॉकसाठी परत गावी यावं लागलेलं मी बघितलंय.

मुलांच्या बाकीच्या कर्करोगांच्या खुणा थोडक्यात. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, नजरेने ओळखतात, त्यासाठी डोळ्यात सुई घालू देऊ नका. अंघोळ घालताना पोटात गोळा लागला तर सोनोग्राफी, आणि तो गोळा पाहुण्यारावळ्यांना दाबून दाबून दाखवायचा नाही. पहाटे उलट्या, डोकेदुखी, अचानक आलेला तिरळेपणा किंवा तोल जाणं, तर डोक्याचं स्कॅन.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की दरवर्षी जगात सुमारे 4 लाख मुलं आणि किशोरवयीन कर्करोगाने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहून कमी. 2018 मध्ये संघटनेने त्यासाठी जागतिक उपक्रम सुरू केला आणि 2030 पर्यंत किमान 60 टक्के मुलं जगावीत असं उद्दिष्ट ठेवलं. एएलएलची मूळ औषधं जुनी आहेत, दोन्हीकडे जवळपास तीच. मधली दरी औषधं मिळण्या-न मिळण्याची, अर्धवट सुटलेल्या उपचारांची आहे, आणि न झालेल्या किंवा उशिरा झालेल्या निदानाचीही. माझ्यासारख्या लॅबवाल्याचा हात फक्त त्या शेवटच्या भागाला लागतो, पण तिथे तो लागतोच. आमच्या लॅबमध्ये आता लहान मुलाच्या सीबीसीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या, की चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तरी आम्ही स्लाइड करतो आणि मॅडमनी बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही. त्याचे जादा पैसे मालक घेत नाहीत. ती स्लाइड तारीख घालून ठेवतो, फेकत नाही. हे कोणत्याही लॅबला जमेल.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, पण मंजुरीला निदानाचे कागद लागतात, आणि निदानाचा खर्च तर आधीच झालेला असतो. याच फटीत माणूस सावकाराकडे जातो. म्हणून निदानाची तपासणी पहिल्यापासून सरकारी किंवा धर्मादाय ठिकाणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताच्या तपासण्या मोफत होतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आमच्या भागात अंबाजोगाईला, पॅथॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. मराठवाड्यातल्या माणसाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय मुंबईपेक्षा जवळ आहेत, पुढची दिशा तिथेही मिळते. धर्मादाय न्यासांच्या खाजगी रुग्णालयांत निर्धनांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकाला उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवून भेटा. मोठ्या केंद्रात जायला पक्कं निदान लागत नाही, स्मिअरवरचा संशय पुरतो.

मुंबईला निघताना राहण्याची काळजी उपचाराइतकीच असते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आधार देते. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मोफत घरं 2006 पासून आहेत, तिथे जागा रुग्णालयाच्या शिफारशीने मिळते, म्हणून समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव सांगा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते. तिचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी लागतो. गावी परतायच्या गर्दीत तो राहून जातो आणि परतीचं पूर्ण तिकीट पडतं. ओपीडीतून बाहेर पडण्याआधी तो मागून घ्या.